पोटावरच्या रेघा, बेंबीखालची काळी रेष आणि रात्रीची खाज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गर्भारपणात पोटाच्या त्वचेत होणाऱ्या बदलांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. डोळ्यांना जे सर्वांत जास्त खुपते ते या विषयात बहुधा निरुपद्रवी निघते, आणि जे तातडीने तपासायला हवे ते पुष्कळदा त्वचेवर दिसतही नाही. म्हणून रेघांविषयीची पत्रे संख्येने जास्त असूनही खाजेचे पत्र आधी घेतले आहे.

प्रश्न: मला चौतिसावा आठवडा सुरू आहे. आठ-दहा दिवसांपासून पोटाला आणि पायांना भयंकर खाज सुटते. दिवसा कामात निभावून जातं, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अंगावर पुरळ नाही, फक्त माझ्याच नखांचे ओरखडे आहेत. घरात सगळे म्हणतात, पोट ताणलं की खाज यायचीच, तेल लाव. तेलाने तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता तळपायांनाही खाज येते. ते कशाने?

उत्तर: पोट ताणल्यामुळे पोटाला खाज येऊ शकते, तळपायांना येणार नाही. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. आज किंवा उद्या दवाखान्यात जा, 'तळपायांना खाज येते, रात्री वाढते, पुरळ नाही' हे याच शब्दांत सांगा आणि दोन रक्ततपासण्यांबद्दल विचारा: बाईल ॲसिड (रक्तातली पित्ताची आम्ले) आणि लिव्हर फंक्शन टेस्ट (यकृत कसे चालते ते पाहणारी).

शंका आहे ती गर्भारपणातल्या कोलेस्टेसिसची. यकृतात तयार होणारा पित्तरस आतड्यात उतरायला हवा. संप्रेरकांच्या वाढलेल्या प्रमाणामुळे काही स्त्रियांमध्ये हा प्रवाह मंदावतो आणि पित्तातली आम्ले रक्तात साचू लागतात. हे बहुधा अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर घडते. खाज अंगावर कुठेही येऊ शकते, पण तळहात-तळपाय ही तिची खास जागा आणि रात्र ही खास वेळ. लघवी गडद होणे, शौचाचा रंग फिका पडणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे थोड्याजणींतच दिसतात, त्यामुळे ती नाहीत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आईला किंवा बहिणीला असे झाले असेल, आधीच्या खेपेला झाले असेल किंवा जुळे असेल, तर शक्यता वाढते. ब्रिटनमधल्या नोंदींत हा त्रास हजारात साधारण ७ गर्भवतींना होतो. तिथल्याच भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हजारात १२ ते १५ जणींना.

बाईल ॲसिडचा आकडा दर लिटरला मायक्रोमोलमध्ये येतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार १९ ते ३९ हा सौम्य, ४० ते ९९ हा मध्यम आणि १०० किंवा त्याहून जास्त हा तीव्र आजार. काही दवाखाने १० च्या वरचा आकडाही आजारात मोजतात, म्हणून रिपोर्टवरच्या मर्यादेपेक्षा प्रत्यक्ष आकडा किती आहे ते विचारा. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. जेवणानंतर हा आकडा वाढतो आणि आपल्याला त्याची वरची पातळीच कळायला हवी असते.

एवढे काटेकोर राहायचे ते बाळासाठी. आईला खाजेने जीव नकोसा होतो, पण कायमची इजा होत नाही. बाळाचा मात्र पोटातच मृत्यू होण्याचा धोका आकडा १०० च्या वर गेल्यावर स्पष्ट वाढतो, सुमारे ३ टक्क्यांपर्यंत. त्याखाली तो बराच कमी असतो. म्हणूनच प्रसूती केव्हा करायची हे आकड्यावरून ठरते: सौम्य असेल तर चाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबता येते, मध्यम असेल तर ३८ ते ३९, तीव्र असेल तर ३५ ते ३६ आठवड्यांत प्रसूतीचा विचार होतो. जुळे किंवा रक्तदाब असेल तर हे गणित बदलते.

इथे एक चूक वारंवार होते. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला की सगळे निश्चिंत होतात आणि खाज 'मनाची' ठरते. पण खाज आधी सुरू होऊन रक्तातला बदल एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू शकतो. खाज चालू असेल तर तपासणी पुन्हा करावीच लागते.

या त्रासावर अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून दिल्या जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्यांनी बाळाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही, खाज थोडी कमी झाली. तेव्हा गोळी चालू आहे म्हणून रक्ततपासणी टाळू नका. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, दवाखाना गाठा. पोटावर पट्टे लावून घेतलेला बाळाच्या ठोक्यांचा आलेख त्या वेळेपुरते सांगतो, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही.

रात्रीपुरता आराम हवा असेल तर कोमट पाण्याने अंघोळ करा (गरम पाण्याने खाज वाढते), सैल सुती कपडे वापरा आणि एक टक्का मेंथॉलचे क्रीम लावा. ते फ्रिजमध्ये ठेवून लावले तर जास्त बरे वाटते. नखे बारीक कापा. बाळंतपणानंतर खाज बहुधा काही दिवसांतच थांबते, तरी सहा आठवड्यांनी लिव्हर फंक्शन टेस्ट पुन्हा करून घ्यावी. पुढच्या खेपेला हा त्रास परतण्याची शक्यता बरीच असते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही खाज पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून नवीन डॉक्टर असतील तर हा इतिहास पहिल्याच भेटीत सांगा.

आणखी एक शक्यता विसरली जाते. रात्रीची खाज घरातल्या इतरांनाही येत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील तर ती खरूज असेल. पाच टक्के परमेथ्रिनचे क्रीम गर्भारपणात चालते. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेंबीच्या आत आणि नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तास ठेवायचे, मग धुवायचे, सात दिवसांनी पुन्हा तेच. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावले नाही तर खरूज फिरून परत येते. खरूज नव्हे याची खात्री न करता नुसते खाजेचे मलम लावत बसले की महिने जातात.

प्रश्न: सहावा महिना लागलाय. अजून पोटावर एकही रेघ नाही. आईच्या पोटावर खूप आहेत. त्या येऊच नयेत म्हणून कोणतं तेल किंवा क्रीम लावू? दिवसातून किती वेळा? एका मैत्रिणीला तेलाने एकही रेघ आली नाही.

उत्तर: स्ट्रेच मार्क्स रोखते असे सिद्ध झालेले एकही तेल किंवा क्रीम नाही. वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात सहा चाचण्या आणि ८०० स्त्रिया होत्या. क्रीम लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या किंवा साधे क्रीम लावणाऱ्या स्त्रियांमध्ये ठोस फरक आढळला नाही. ऑलिव्ह तेल आणि कोकोआ बटर हे दोन्ही त्यांत तपासले गेले होते. महागड्या बाटलीवर 'गर्भवतींसाठी खास' लिहिलेले असले तरी तिची स्थिती याहून वेगळी नाही.

कारण साधे आहे. रेघ वरच्या पातळ थरात पडत नाही. खालच्या जाड थरात कोलॅजेन आणि इलास्टिनचे धागे असतात, ते तिथे उसवतात. कापडाचे अस्तर फाटावे आणि वरचे कापड शाबूत राहावे तसे. तेल त्या अस्तरापर्यंत पोहोचत नाही. शिवाय नुसत्या ताणाने धागे उसवत नाहीत. गर्भारपणातली संप्रेरके या धाग्यांची आपसातली पकड सैल करतात, आणि ती किती सैल होणार हे बरेचसे आनुवंशिक आहे. सारख्याच आकाराच्या पोटावर एकीला चाळीस रेघा येतात आणि दुसरीला एकही येत नाही. तुमच्या मैत्रिणीला तेल न लावताही बहुधा आल्या नसत्या.

आईच्या पोटावर रेघा आहेत म्हणजे तुम्हाला येण्याची शक्यता जास्त आहे. वय विशीच्या आत-बाहेर असेल, आधीपासून वजन जास्त असेल, गर्भारपणात ते भरभर वाढले असेल, बाळ मोठे, जुळे किंवा गर्भजल जास्त असेल तरीही शक्यता वाढते. एकंदर शंभर गर्भवतींपैकी पन्नास ते नव्वद जणींना रेघा येतात, बहुतेकींना सहाव्या-सातव्या महिन्यापासून पुढे. पहिली चाहूल बहुधा कुशीत किंवा बेंबीखाली एका पट्ट्यात येणाऱ्या खाजेची असते. गोऱ्या त्वचेवर त्या गुलाबी-लाल दिसतात, गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जांभळट तपकिरी. बेंबीखालच्या रेघा उभे राहून स्वतःला दिसत नाहीत, त्यामुळे 'एकही नाही' म्हणणाऱ्या पुष्कळजणींना आरशात पाहिल्यावर त्या आढळतात.

तुमच्या हातात आहे ते एकच: वजन किती वेगाने वाढते. गर्भारपणाआधी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) १८.५ ते २४.९ असेल तर पूर्ण गर्भारपणात ११.५ ते १६ किलो आणि चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. बीएमआय २५ ते २९.९ असेल तर एकूण ७ ते ११.५ किलो. रेघांच्या भीतीने जेवण तोडू नका. बाळाच्या वाढीपुढे रेघांना काहीच किंमत नाही.

मग तेल लावूच नये का? जरूर लावा, पण कोरडेपणा आणि खाज कमी व्हावी म्हणून. अंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर किंवा तेल हलक्या हाताने लावा. दिवसातून दोनदा पुरते. जोरजोरात चोळल्याने रेघा थांबत नाहीत, उलट त्वचा लाल होते. न्हाणीघरात तेल लावू नका. आठव्या-नवव्या महिन्यात तोल आधीच पुढे गेलेला असतो आणि ओल्या फरशीवर सांडलेले तेल धोक्याचे. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा.

लेबल मात्र नीट वाचा. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापॅलीन किंवा 'रेटि'ने सुरू होणारे काहीही असेल तर ते गर्भारपणात नको. हायड्रोक्विनोनही नको, कारण ते त्वचेतून मोठ्या प्रमाणात रक्तात जाते. 'स्ट्रेच मार्क्ससाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये रेटिनॉइड, म्हणजे याच रेटिनॉल-ट्रेटिनॉइनच्या गटातली द्रव्ये, असतात. ती बाळंतपणानंतरच्या वापरासाठी आहेत हे लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

प्रश्न: छत्तिसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण, जुळं आहे. पोटावरच्या रेघांवरच लाल फुणग्या उठल्या. चार दिवसांत त्या एकमेकींत मिसळून पित्ताच्या गांधींसारख्या झाल्या, आता मांड्या आणि ढुंगणावरही आहेत. बेंबीभोवती मात्र काहीच नाही. खाजेने रडू येतं. बाळांना काही होईल का?

उत्तर: बाळांना काही होणार नाही. तुमचे वर्णन पॉलिमॉर्फिक इरप्शन ऑफ प्रेग्नन्सी या पुरळाशी तंतोतंत जुळते. जुन्या कागदांवर त्याला पीयूपीपीपी म्हटलेले आढळेल. साधारण १६० ते २०० गर्भारपणांत एकीला ते होते, बहुधा पहिल्या खेपेला, शेवटच्या काही आठवड्यांत आणि जुळ्यांमध्ये जास्त, कारण पोट फार वेगाने ताणले जाते. ते रेघांच्या आत सुरू होते, बेंबीभोवतीचा गोल सोडून देते, आणि चेहरा, तळहात, तळपाय यांना सहसा शिवत नाही. डॉक्टर पोट पाहताना आधी बेंबी पाहतात ते यासाठीच.

एकूण मुक्काम चार ते सहा आठवडे, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचे एक-दोन आठवड्यांत मावळते. पुढच्या खेपेला सहसा परत येत नाही. या पुरळासाठी लवकर प्रसूती करण्याचे कारण नाही.

उपचार म्हणजे स्टेरॉइड मलम. 'स्टेरॉइड' ऐकून ते ठिपक्या-ठिपक्याने लावले जाते आणि मग उपयोग नाही म्हणून बंद केले जाते. प्रमाण समजून घ्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसह दोन तळहातांएवढी जागा होते. छाती आणि पोट मिळून धडाची पुढची पूर्ण बाजू भरायची तर अशा सात पट्ट्या, म्हणजे साडेतीन ग्रॅम लागतात. पुरळ जितक्या भागावर आहे तेवढ्यापुरते मोजून लावा. आधी मॉइश्चरायझर, अर्ध्या तासाने मलम. दोन्ही लागोपाठ लावले तर मलम पातळ होऊन नको तिथे पसरते.

एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे आणि या पुरळाला पुष्कळदा अपुरे पडते. मग डॉक्टर मध्यम ताकदीचे देतात. सौम्य आणि मध्यम मलमांचा बाळाला अपाय झाल्याचे दिसलेले नाही. तीव्र मलमे पूर्ण गर्भारपणात मिळून ३०० ग्रॅमच्या वर वापरली गेली तर बाळाचे वजन कमी भरण्याशी संबंध आढळला आहे. पोटासाठी दिलेले मलम जांघेत किंवा स्तनांखालच्या घडीत लावू नका. खाज कमी करणाऱ्या गोळ्यांमध्ये झोपेसाठी क्लोरफेनिरामिन, दिवसा लोरॅटाडिन किंवा सेट्रिझिन यांपैकी काय घ्यायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील. फारच पसरले असेल तर थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोनच्या (पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या) गोळ्याही देतात.

फक्त एक खबरदारी: तळहात-तळपायांनाही खाज येत असेल तर बाईल ॲसिडची तपासणी करून घ्या. पुरळ आहे म्हणून कोलेस्टेसिस नाही असे होत नाही, आणि जुळ्यांत तर दोन्हींची शक्यता जास्त असते.

प्रश्न: पहिल्या वेळी सातव्या महिन्यात बेंबीभोवती लाल चट्टे आले आणि मग त्यावर पाण्याने भरलेले मोठे फोड. बाळंतपणानंतर आठवडाभरात ते आणखी वाढले. तेव्हा ॲलर्जी सांगितली होती. आता दुसऱ्या बाळाचा विचार आहे. पुन्हा होईल का?

उत्तर: होण्याची शक्यता मोठी आहे, आणि बहुधा पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त. बेंबीपासून सुरुवात, चट्ट्यांवर टणक मोठे फोड आणि बाळंतपणाच्या सुमारास उसळी, हे पेम्फिगॉइड जेस्टेशनिसचे चित्र आहे. हा दुर्मीळ स्वप्रतिकार आजार आहे: शरीराची प्रतिकारशक्ती वारेतल्या आणि त्वचेतल्या एकाच प्रथिनावर उलटते. संसर्ग नाही, ॲलर्जी नाही, कुणाच्या स्पर्शाने लागत नाही.

दिवस राहण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांना जुने कागद आणि फोटो असतील तर ते दाखवा. पुन्हा फोड आले तर त्वचेचा छोटा तुकडा काढून इम्युनोफ्लुरोसन्स (त्वचेत साचलेली प्रतिकारप्रथिने चमकवून दाखवणारी) तपासणी करतात. त्यासाठी तुकडा फोडाच्या शेजारच्या न फुटलेल्या त्वचेतून घ्यावा लागतो आणि फॉर्मलिनच्या (नमुने टिकवण्याच्या द्रावणाच्या) बाटलीत टाकायचा नसतो. टाकला तर तपासणी वाया जाते. आजार ठरला की तीव्र मलम किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी जास्त वेळा होते, कारण बाळ लहान भरण्याची आणि वेळेआधी जन्मण्याची शक्यता काहीशी वाढते. दहातल्या एखाद्या बाळाला जन्मतः थोडे चट्टे असतात, ते काही आठवड्यांत आपोआप जातात.

ताप आणि अंगभर छोटे पाणीदार फोड एकदम आले, विशेषतः कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आलेला असेल, तर ही वेगळी गोष्ट आहे. आधी फोन करून सांगा आणि मगच दवाखान्यात जा, म्हणजे तिथे बसलेल्या इतर गर्भवतींना लागण होणार नाही.

प्रश्न: बेंबीपासून खाली काळी रेष उमटली आहे आणि पोटावर लव वाढली आहे. रेष थोडी तिरकी आहे. ती जाईल ना? रेषेवरून मुलगा की मुलगी ते कळतं असं म्हणतात.

उत्तर: काहीही कळत नाही. तिथे फिकट रेष आधीपासूनच असते. गर्भारपणातल्या संप्रेरकांनी रंगपेशी जास्त रंग बनवतात आणि ती ठळक होते. स्तनाग्रे आणि बेंबी काळवंडतात ते याच कारणाने. रेष बेंबीपाशी थोडी वळणे किंवा वर छातीच्या हाडापर्यंत जाणे यात वावगे काही नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती फिकट होते, सावळ्या त्वचेवर वर्षभर रेंगाळू शकते. ब्लीच किंवा रंग उजळवणारी क्रीम लावू नका, घासून तर मुळीच काढू नका. घासलेल्या जागी रंग आणखी गडद होतो. वाढलेली लव साधारण सहा महिन्यांत गळते. खुपतच असेल तर कात्रीने बारीक करा.

प्रश्न: पोट खाली आल्यापासून पोटाखालच्या घडीत आणि जांघेत लाल गोल चट्टा झाला, कडेला बारीक पुरळ आहे. घरात असलेली खाजेची ट्यूब लावली. दोन दिवस बरं वाटलं, आता दुप्पट पसरलं आहे.

उत्तर: ती ट्यूब आजच बंद करा आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते पाहा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा 'सोन'ने संपणारे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. तुमचे चट्टे गजकर्णाचे, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचे, वाटतात. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून दोन दिवस बरे वाटते. त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी मोकळेपणाने पसरते. शिवाय घडीतली त्वचा पातळ असते, त्यामुळे तिथे या ट्यूबनेच कायमच्या रेघा पडू शकतात, आणि मग त्या गर्भारपणाच्या समजल्या जातात.

नुसते क्लोट्रिमाझोलचे क्रीम गर्भारपणात सुरक्षित आहे. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. लोक थांबतात ते नेमके इथेच, आणि तो महिन्याभरात परत येतो. घडी धुतल्यावर पूर्ण कोरडी करा, अंतर्वस्त्र रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, टर्बिनाफिन, ग्रिसिओफल्विन यांच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. चट्टा गोल नसून ओलसर, लालभडक आणि पांढरट साल निघणारा असेल तर तो यीस्टचा संसर्ग असतो. क्रीम तेच चालते, पण अशा वेळी रक्तातली साखर तपासलेली आहे ना ते पाहा.

प्रश्न: बेंबी बाहेर आली आहे आणि खोकताना तिथे गोटीएवढा फुगवटा येतो. काही करायला हवं का?

उत्तर: बेंबी सपाट होणे किंवा बाहेर येणे हे गर्भाशयाच्या दाबाने होते आणि बाळंतपणानंतर ती बहुधा आत जाते. खोकताना येणारा फुगवटा छोटा हर्निया असू शकतो. मऊ असेल आणि आडवे झाल्यावर आत जात असेल तर शस्त्रक्रिया सहसा बाळंतपणानंतरवर ठेवतात. तो कडक झाला, दुखू लागला, लाल-जांभळा पडला, आत जाईनासा झाला किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या तर लगेच रुग्णालयात जा. आतड्याचा भाग अडकलेला असू शकतो. कपड्याला घासून बेंबी दुखत असेल तर मऊ सुती पट्टी ठेवा. नाणे बांधून ती आत दाबू नका.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पोटावरच्या रेघा अजून जांभळ्या आहेत, कातडी लोंबते. लेझरने सगळं जातं असं सांगतात. आत्ताच करावं की थांबावं?

उत्तर: 'सगळे जाते' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. रेघा पुसट होतात, नाहीशा होत नाहीत. सहा महिने ते वर्षभरात त्या आपोआपच जांभळ्याच्या पांढुरक्या आणि सपाट होतात, आणि तोवर पैसे खर्च करणे घाईचे ठरते. दुसरी बाजूही सांगायला हवी: उपचार करायचेच असतील तर रेघा लाल-जांभळ्या असताना परिणाम जास्त दिसतो. ट्रेटिनॉइनचा थोडाबहुत उपयोग ताज्या रेघांवरच होतो, पांढऱ्या झाल्यावर जवळपास नाही. पण बाळ अंगावर पिते आहे तोवर पोटावर ते लावू नका, कारण बाळाची त्वचा सतत तिथेच टेकते. आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता असेल तर मुळीच नको.

फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर ठिपक्या-ठिपक्याने सोडलेला) आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणे) यांना चार-सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरने डाग काळे पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून आधी लहानशा जागेवर करून दोन महिने वाट पाहायला सांगा. आणखी मूल हवे असेल तर त्या आधी हा खर्च करू नका.

लोंबणाऱ्या कातडीचे कारण नेहमी कातडीच असते असे नाही. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटे बेंबीवर आडवी ठेवा आणि डोके उचला. मधोमध दोनांपेक्षा जास्त बोटे आत जात असतील तर पोटाचे स्नायू मध्यरेषेपासून दूर गेलेले आहेत. त्यावर फिजिओथेरपिस्टने शिकवलेला पोटाच्या खोल स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो, क्रीम नाही. तोवर उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने उठा.

प्रश्न: पोटावरचा जुना तीळ गर्भारपणात मोठा झाला आहे. बाळंतपण होईपर्यंत थांबले तर चालेल?

उत्तर: पोट ताणले गेल्याने तीळ सगळ्या बाजूंनी सारखा पसरला असेल तर ठीक. कड वेडीवाकडी झाली, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, खपली धरली किंवा रक्त आले तर थांबू नका. जागा बधिर करून तीळ काढणे आणि तपासणीला पाठवणे गर्भारपणातही सुरक्षितपणे करता येते, आणि 'गर्भारपणामुळेच असेल' म्हणून पुढे ढकललेले महिने नंतर भरून काढता येत नाहीत. तोपर्यंत तिळाशेजारी मोजपट्टी ठेवून आजच्या तारखेचा एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तुलना करायला तो लागेल.